समुद्राचं विरजण

माझ्या पहिल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सगळ्यात आधी गेली ती कोळंबी. मेलेली, सोललेली, बाजारातून आणलेली, मोजून एक. तीन फुटी टाकी, तळाला पांढरी वाळू, मधोमध खडकांची रास, वर निळसर दिवा आणि या सगळ्या थाटात कुजत पडलेली ती एकटी कोळंबी. पाहुणे विचारायचे, "मासे कुठायत?" आई स्वयंपाकघरातून सांगायची, "त्यालाच विचारा. आम्हाला तर नुसता वास येतो."

मासे आले ते सहा आठवड्यांनी. मधल्या काळात टाकीत काय चाललं होतं हे कळलं की हा छंद निम्मा कळतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मासा जगतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेलं खाणं कुजलं की तेही अमोनियाच देतं. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो, पण दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत त्याला जायला जागा नसते. गोड्या पाण्यातही हेच घडतं, मात्र तिथे एक सवलत असते. पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असेल तर जवळपास सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप फारसं बाधत नाही. खाऱ्या टाकीचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. तिथे तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा दहापटीहून जास्त होतो. गोल्डफिश जे सोसून नेईल त्यात समुद्रातला मासा एका रात्रीत जातो.

यातून सोडवतात ते जिवाणू. एक प्रकार अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशांना बऱ्यापैकी चालतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. वस्ती वाढायला खाणं हवं, त्यासाठी ती कोळंबी. ती कुजते, अमोनिया देते आणि जिवाणूंची पंगत बसते. टेस्ट किटने दर दोन दिवसांनी मोजत राहिलं तर आधी अमोनिया चढतो, तो उतरायला लागला की नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि पुन्हा थोडा अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत परत शून्यावर आले, की टाकी तयार. छंदातले लोक याला 'सायकल' म्हणतात. मला 'विरजण लागणं' जास्त नेमकं वाटतं. दूध कितीही चांगलं असो, जिवंत काहीतरी त्यात पडल्याशिवाय आणि भांडं न हलवता ठेवल्याशिवाय दही होत नाही.

आणि विरजण आपण शेजारी मागतो. मला ते तेव्हा सुचलं नाही, कारण खाऱ्या पाण्याची टाकी असलेला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. दुकानदार ओळखीचा होता. त्याने चौथ्याच दिवशी "आता चार मासे सोडून बघा" असा सल्ला दिला होता. पुढे दुसरी टाकी लावली तेव्हा डोंबिवलीच्या एका काकांनी स्वतःच्या मुरलेल्या टाकीतले खडकाचे चार तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. ती टाकी दहा दिवसांत लागली. कोळंबी नाही, वास नाही.

अर्थात शेजारचं विरजण आंबट असलं तर आपलंही दही आंबट. त्या खडकांबरोबर एप्टेशिया नावाचं काचेसारखं दिसणारं छोटं समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) आलं. ते चिमट्याने ओढून काढायला गेलात तर प्रत्येक उरलेल्या कणातून नवं उगवतं, थेट रक्तबीज. त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी मिळते. पण काकांनी खडक देतानाच "यात एप्टेशिया असेल हं" असं बजावलं होतं. ऐकलं मी नव्हतं.

तेव्हा माझं पहिलं सांगणं हेच की टाकी घेण्याआधी माणूस शोधा. ज्याची टाकी तीन वर्षं तरी चालू आहे असा. मुंबई, ठाणे, पुणे इथे अशी मंडळी आहेत. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात रविवारी दोन तास नुसते उभे राहिलात तरी त्यातले एक-दोन भेटतील. मासा घ्यायला आलेला माणूस आणि फक्त मीठ घ्यायला आलेला माणूस यांत फरक असतो. दुसऱ्याशी ओळख करा.

आता पाणी. समुद्र उशाशी असताना मीठ विकत का आणायचं, असं मुंबईकराला वाटतंच. पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे त्याचा खारेपणा घसरतो. माशांबरोबर टाकीत पुढे पोवळीही ठेवायची असतात आणि त्यांना नेमकं याच तिन्हीचं वावडं. म्हणून समुद्र घरीच कालवायचा.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढं स्वयंपाकाचं मीठ घातलं तर चव जमेल, समुद्र जमणार नाही. त्या ३५ ग्रॅममध्ये क्लोराइड १९ च्या थोडं वर, सोडियम ११ च्या थोडं खाली, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम जेमतेम ०.४ प्रत्येकी, आणि मागे चिमटीचिमटीने कितीतरी मूलद्रव्यं असतात. 'मरीन सॉल्ट' म्हणून जे पोतं मिळतं तो हा तयार मसाला. दोनशे लिटरला साडेसात किलोच्या आसपास लागतं. ते वेगळ्या पिंपात पंप लावून विरघळवायचं, जिवंत टाकीत कधीच ओतायचं नाही. खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने बघायचा आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ ठेवायचं.

ज्या पाण्यात मीठ घालायचं ते मात्र शुद्ध हवं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतात, आणि ती दोन्ही शेवाळाची आवडती खाद्यं. पितळी-तांब्याच्या नळातून तांबं आलं तर गोगलगायी आणि कोळंब्या मरतात. घरचा प्यायचा आरओ इथे फसवतो, कारण चवीसाठी त्यात थोडं न गाळलेलं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. आपल्याला टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, शून्य हवं. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या मण्यांची) एक नळी जोडावी लागते.

नवे लोक हमखास चुकतात ती पुढची गोष्ट. टाकीतलं पाणी रोज उडतं. पातळी खाली गेली की माणूस खारं पाणी करून वर ओततो. मुलुंड-भांडुपची मिठागरं आठवा. तिथे खाडीचं पाणी आत घ्यायचे, ऊन ते उडवून न्यायचं आणि खाली मीठ उरायचं. टाकीतही उडतं ते नुसतं पाणी, मीठ जागेवरच राहतं. त्यात पुन्हा खारं पाणी घालत गेलात तर महिन्याभरात दिवाणखान्यात मिठागर तयार. रोजची भर त्याच शून्य टीडीएसच्या, बिनमिठाच्या पाण्याची. खारं पाणी फक्त जुनं काढून नवं घालताना.

लहान टाकी सोपी असते हा गैरसमज इथेच मोडतो. चाळीस लिटरच्या टाकीतून एक लिटर उडालं तर खारेपणा ३५ चा जवळपास ३५.९ होतो. दोनशे लिटरमधून तेवढंच उडालं तर ३५.२. चूक तीच, पण मोठी टाकी ती पोटात घालते. म्हणून दीडशे-दोनशे लिटरपासून सुरुवात करा आणि एकदा वजनाचाही हिशोब करा: पाणी, काच, खडक, स्टँड मिळून तीनशे किलोच्या घरात जातं. ते भिंतीलगत ठेवायचं. बाल्कनीत नको.

पाण्याइतकीच हालचाल महत्त्वाची. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत दगडी पोवळी लंडनला घरी आणली. पंप नव्हता, वीज नव्हती. त्यांची कामवाली रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, आपण चहा निववतो तसं. त्यामुळे पाण्यात हवा मिसळायची आणि पोवळी जगली. घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासात नाव बाईंचं लागलं, हात मात्र त्या कामवालीचे दुखले. आज तिचं काम वेव्हमेकर, म्हणजे टाकीत लाटा उठवणारा पंप, करतो.

आणि वीज गेली की तो थांबतो. कोमट, खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यामुळे भरलेल्या टाकीला काही तासांतच धाप लागते. दिवे बंद राहिले तरी चालतील, एक तरी पंप इन्व्हर्टरवर हवाच. तेही जमत नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप कपाटात ठेवा. आपल्याकडे मला हे चिलरपेक्षाही (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रापेक्षाही) आधीचं सामान वाटतं.

चिलरचं मात्र टळत नाही. पोवळ्यांना २५-२६ अंश मानवतं. ठाण्यातल्या मे महिन्यात खोलीच ३३ वर असते. पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण हे पुण्याच्या कोरड्या हवेत जितकं चालतं तितकं मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. पाणी फार तापलं की पोवळ्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर पडतात. तीच त्याला उन्हापासून अन्न करून देत असतात. पोवळं पांढरं पडतं आणि मग उपाशी मरतं. वीजबिलाचा अंदाज आधीच घ्या: चोवीस तास चालणारं शंभर वॅटचं सामान महिन्याला ७२ युनिटं खातं.

स्किमर हे यंत्र समजायला गुऱ्हाळात जावं. काहिलीत रस उकळताना वर फेस येतो आणि त्याबरोबर येणारी मळी गुळव्या काढून टाकतो. स्किमरमध्ये खाऱ्या पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात. पाण्यातली सेंद्रिय घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर चढते आणि वरच्या कपात साचते. कुजून अमोनिया होण्याआधीच ती बाहेर. गोड्या पाण्यात असा टिकाऊ फेस होत नाही, म्हणून तिथे हे यंत्र दिसत नाही. तो कप धुण्याचं काम घरात दुसऱ्या कुणाला सांगू नका, छंद बंद पडेल. खडक आणि स्किमर यांवर टाकी चालवण्याची रीत बर्लिनच्या छंदी लोकांनी रूढ केली. त्याच्या आधी, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक (जिवाणूंची वस्ती असलेले समुद्रातले खडक) आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर समुद्री टाकी चालते हे लिहून दाखवलं होतं. दोन्हीकडे ही वाट घरी टाक्या ठेवणाऱ्यांनीच पाडली, हे मला आवडतं.

टाकी लागल्यावर दोन-तीन महिने ती विद्रूप दिसते. आधी वाळूवर तपकिरी साय धरते, मग खडकांवर हिरवी दाढी उगवते, कधी लालसर बुरशीसारखा थर येतो. लोक इथे हाय खातात, औषधं ओततात, टाकी विकायला काढतात. काही करू नका. खाणं कमी घाला, पाणी बदलत राहा, गोगलगायी आणि शंखातले खेकडे सोडा. एके दिवशी खडकावर जांभळा ठिपका दिसेल. ते चुनखडी शैवाल. तो दिसला की टाकी मार्गी लागली.

मासे थोडक्यात सांगतो. क्लाउनफिश घ्या आणि तोही टाकीत जन्मलेला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन साधलं आहे आणि ऐरोलीला मॅंग्रोव्ह फाउंडेशनचीही हॅचरी आहे. त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. नव्या टाकीत समुद्रफूल मरतं आणि मरताना सगळं पाणी नासवतं. जोडी घेतलीत तर मोठी असेल ती बायको. ती गेली तर नवराच कालांतराने बायको होतो. गोबी नावाचा मासा आणि पिस्तूल कोळंबी यांची जोडीही बघण्यासारखी: कोळंबीला धड दिसत नाही, ती बीळ खणते, आणि गोबी दारात राखण करतो. स्वस्त म्हणून डॅमसेल घेऊ नका, तो बाकीच्यांना जगू देत नाही. निळा टँग फूटभर वाढतो, त्याला तीन फुटी टाकी म्हणजे लोकलचा डबा. समुद्रातून पकडलेल्या माशाबद्दल नक्की विचारा. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडने गुंगवून मासे पकडायची वाईट पद्धत पडली. असे मासे दुकानात चांगले दिसतात आणि घरी आल्यावर काही दिवसांनी मरतात. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण मुख्य टाकीत ते घातलंत तर गोगलगायी आणि पोवळी संपली.

पोवळ्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण इथे कायदा येतो. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळंही एका प्राण्याचा सांगाडाच. आपल्या समुद्रातली दगडी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे आणि समुद्री काकड्या २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे वाघ आहे, म्हणजे किती वरची जागा ते समजा. मालवणला पाण्यात डोकं घालून बघितलेलं पोवळं, किंवा वाळूत सापडलेला त्याचा तुकडाही, पिशवीत घालून आणायचा नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते आणि दगडी पोवळी त्या यादीत आहेत. त्यामुळे दुकानात रंगीत दगडी पोवळं दिसलं तर आधी कागद मागा. कागद नसेल तर हात मागे. खडकही कोरडा, कृत्रिम घ्या. जिवाणूंना छिद्रं लागतात, समुद्राचा पत्ता लागत नाही.

सुरुवातीला मशरूम, झोएंथस यांसारखे पोवळ्यांच्या जातकुळीतले मऊ अंगाचे प्रकार पुरेसे आहेत. ते त्या पहिल्या यादीतही नाहीत आणि दुसऱ्यातही, आणि थोडी चूक खपवून घेतात. झोएंथसच्या काही जातींत मात्र पॅलीटॉक्सिन हे भयंकर विष असतं. हात घालताना हातमोजे आणि चष्मा हवा. त्यांचा खडक उकळायचा नाही, कारण वाफेतून ते विष छातीत जाऊन घरातली माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं आहेत.

पाण्याचे आकडे एवढेच लक्षात ठेवा: क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सांभाळून धरायची पाण्याची ताकद; खारेपणा नव्हे) ८ ते ९ डीकेएच या तिच्या मापात, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. आकडा थोडा चुकीचा पण स्थिर असला तर चालतो, बरोबर पण रोज हलणारा असला तर चालत नाही. शिवाय टाकी मोडलीत तरी काहीही खाडीत सोडू नका. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात दिसला तो बहुधा कुणाच्या तरी टाकीतूनच, आणि आज तो पूर्ण कॅरिबियनमध्ये तिथले मासे फस्त करतोय.

जाणत्या माणसाकडे जाताना काय न्यायचं तेही सांगतो. "पोवळं मिटलंय, काय करू?" असं विचारलंत तर कुणीच काही सांगू शकणार नाही. तापमान, खारेपणा, नायट्रेट आणि क्षारता यांचे आकडे, टाकी कधी लागली ती तारीख आणि निळा दिवा बंद करून पांढऱ्या उजेडात काढलेला फोटो न्या. निळ्या उजेडात आजारी पोवळंही नवरीसारखं दिसतं. घरात गेल्यावर परवानगीशिवाय टाकीत हात घालायचा नाही. किंमत विचारायची नाही, निदान काकू समोर असताना तरी.

त्या डोंबिवलीच्या काकांनी पहिल्याच भेटीत मला मशरूमचा एक तुकडा दिला. कात्रीने कापलेला, खड्यावर चिकटवलेला, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात. जास्वंदीची फांदी द्यावी तितक्या सहज. छंदात याला फ्रॅग म्हणतात. देताना म्हणाले, "डबा रिकामा परत करायचा नाही." मला वाटलं, रीत म्हणून म्हणाले. त्यामागे हिशोब होता. एकाच जिवाचे तुकडे दहा घरांत असले तर एका घरची टाकी बुडाली तरी वाण जगतं.

दोन वर्षांनी मे महिन्यात ते आठ दिवस गावी गेले आणि त्यांचा चिलर बंद पडला. परत आले तेव्हा टाकीत पांढरे सांगाडे आणि दुधाळ पाणी. मी तोच डबा घेऊन गेलो, त्याच मशरूमचे तीन तुकडे घालून. काकांनी ते खडकावर ठेवले, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून खारेपणा तपासायला लागले. निघताना काकूंनी डबा परत दिला, शेंगदाण्याचे लाडू घालून. तो नीट धुतला होता का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.